पट्टीतील धर्मादा आणि शेजाऱ्याचा वाटा

ज्या सभासदबंधूंचे बालपण आडतीच्या पेढीवर गेले आहे, त्यांना जुन्या पट्टीचा नमुना अद्याप तोंडपाठ असेल. वर श्रीकार, खाली माल घालणाराचे नाव व गाव, मग रव्यांची संख्या, वजन, भाव आणि एकूण रक्कम. त्याखाली कपातीच्या ओळी : आडत, हमाली, तोलाई आणि शेवटी धर्मादा. ही शेवटची ओळ रकमेने सर्वांत लहान असे. बहुधा आण्या-दोन आण्यांचा तो मामला. त्यामुळे तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नसे.

एकदा मात्र एका माणसाचे लक्ष गेले. आमच्या वडिलांच्या पेढीवर दर हंगामात गूळ घालणारे एक मुसलमान शेतकरी होते. स्वभावाने अबोल, व्यवहाराला चोख. त्या दिवशी त्यांनी पट्टी हातात घेऊन माझ्याकडून वाचून घेतली आणि वडिलांना विचारले, "आप्पा, आडत कळली, हमाली कळली, तोलाईबी कळली. ह्यो धर्मादा तेवढा कुणाच्या घरला जातो?"

वडील म्हणाले, "घराला कोणाच्या जात नाही. बोर्डिंगला जातो. पोरं शिकतात तिथं."

"मग माझ्या पोराला घेतील का वो तिथं? सातवी झालाय."

वडिलांनी उत्तर दिले नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला व पुन्हा घातला. मी त्या वेळी दहा-अकरा वर्षांचा असेन. परंतु तो चष्मा पुसण्यास लागलेला वेळ मला अजून आठवतो. बोर्डिंगचे नियम त्यांना ठाऊक होते, कारण ते तिच्या पंचांपैकी एक होते.

प्रस्तुत लेखाचा विषय धर्माधर्मांतील संवाद आणि धर्मबुद्धीने करावयाचे समाजकार्य हा आहे. या विषयावर मोठी तात्त्विक व्याख्याने होऊ शकतात आणि होतातही. परंतु व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत लिहावयाचे, तर तो विषय पट्टीतील त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करणे अधिक योग्य होईल, असे मला वाटते.

सहवास आणि संवाद

बेळगावच्या किल्ल्यात गेलेल्या माणसास थोड्याच पावलांच्या अंतरात निरनिराळ्या धर्मांची स्थाने दिसतात. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नामक मंत्र्याने इ. स. १२०४ च्या सुमारास उभारलेली कमलबस्ती तेथे आहे. आदिलशाही अमदानीतील सफा मशीद तेथे आहे. रामकृष्ण मिशनचा आश्रमही त्याच तटाच्या आत आहे. आपल्या बहुतेक जुन्या पेठांचे चित्र असेच असते. बस्तीची घंटा, मशिदीची बांग, मठातील भजन ही सर्व एकाच हवेतून आपल्या कानी येतात.

हा सहवास होय. तो मोलाचा आहे यात शंका नाही. पण सहवास म्हणजे संवाद नव्हे. दोन घरे भिंतीस भिंत लावून शंभर वर्षे उभी असतील आणि त्या घरांतील माणसांना परस्परांच्या चुलीची काहीच वार्ता नसेल, असे होऊ शकते. आपण शेजाऱ्याशी उधारी-वसुलीचे बोलतो, पावसापाण्याचे बोलतो. त्याच्या अडचणी आणि त्याची श्रद्धा यांविषयी क्वचितच बोलतो.

संवाद म्हणजे वादविवादही नव्हे. वादात एकाने जिंकावयाचे आणि दुसऱ्याने हरावयाचे असते. अनेकान्ताच्या शिकवणीत वाढलेल्या आपल्या समाजाला हा भेद समजावयास कठीण जाऊ नये. वस्तूला अनेक बाजू असतात, आपल्याला दिसते ती त्यांपैकी एक असते, म्हणून आपले विधान 'अमुक अपेक्षेने' असे मर्यादा घालूनच करावे, हा स्याद्वादाचा आशय आहे. आठव्या शतकाच्या सुमारास झालेल्या हरिभद्रसूरींनी 'षड्दर्शनसमुच्चय' या ग्रंथात बौद्ध, न्याय, सांख्य आदी इतर दर्शनांचे सार त्या त्या दर्शनाच्या भूमिकेवरून मांडले. दुसऱ्याचे म्हणणे त्याला पटेल अशा रीतीने प्रथम सांगता आले पाहिजे, मग त्यावर मत द्यावे, ही शिस्त त्यांनी घालून दिली.

अर्वाचीन काळी हीच शिस्त वीरचंद राघवजी गांधी यांनी पाळलेली दिसते. सन १८९३ च्या सप्टेंबर महिन्यात शिकागो येथे भरलेल्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण मुनी आत्मारामजी यांना आले होते. मुनिधर्मामुळे त्यांना समुद्रप्रवास करता येत नव्हता, म्हणून त्यांनी वीरचंदजींना पाठविले. त्या परिषदेत एका पाद्र्याने हिंदू देवालयांसंबंधी अवमानकारक उद्गार काढले असता, स्वतः जैनांचे प्रतिनिधी असूनही वीरचंदजींनी त्यांना उत्तर दिले. शेजाऱ्याच्या धर्मावरील आघात आपल्याला लागत नाही, असे त्यांनी मानले नाही. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेत मदतसमिती उभी करून त्यांनी हिंदुस्थानात धान्य व पैसा पाठविला. ते धान्य उपाशी माणसाची जात विचारून वाटावयाचे नव्हते. शिकागोच्या व्यासपीठावरील भाषण आणि दुष्काळातील हे धान्य ही एकाच वृत्तीची दोन रूपे होत. केवळ भाषण झाले असते, तर त्या संवादाला अर्धाच अर्थ राहिला असता.

दानाचे चार मार्ग

कोणी म्हणतील, आपल्या धर्मात दानाचा उपदेश आहेच. त्यात नवीन ते काय? नवीन काहीच नाही. परंतु त्या उपदेशातील भेद आपण विसरत चाललो आहो.

राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी, म्हणजे नवव्या शतकात, होऊन गेलेल्या जिनसेनाचार्यांनी 'आदिपुराणा'त गृहस्थाच्या दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. दुःखी व भयभीत प्राणिमात्रास करुणेने दिलेले, ते दयादत्ति. मुनी आदी सत्पात्रांस भक्तिपूर्वक दिलेले, ते पात्रदत्ति. आपल्या बरोबरीच्या साधर्मिक गृहस्थास दिलेले, ते समदत्ति. आपला सर्व भार व संपत्ती वंशजाच्या स्वाधीन करणे, ती अन्वयदत्ति.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर ही चार निरनिराळी खाती आहेत. चारही खाती हवीत; पण एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात पडली, तर तो हिशेब चुकला असे आपण म्हणतो. मंदिराचा जीर्णोद्धार, मुनिसंघाचा विहार, साधर्मिक विद्यार्थ्याचे वसतिगृह या सर्व गोष्टी योग्य आहेत. परंतु त्यांची नोंद पात्रदत्ति किंवा समदत्ति या सदरात व्हावयास पाहिजे. दयादत्तीच्या खात्यात आपण या वर्षी काय जमा केले? पांजरपोळ आणि कबुतरांचे दाणे यांची नोंद आपण तेथे करतो, व ती उचितच आहे. पण त्या सदरात माणसाची नोंद किती वेळा होते?

स्वतंत्र वसतिगृहे का निघाली

येथे आपल्या भागातील वसतिगृहांचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. कारण दानाचा हा प्रश्न तेथेच सर्वांत स्पष्ट उभा राहिला.

कोल्हापुरात १८९६ साली सर्वांसाठी एक वसतिगृह काढून पाहण्यात आले होते. दार सर्वांना उघडे होते. तरी प्रत्यक्षात त्याचा लाभ बहुतांशी एकाच पुढारलेल्या वर्गास मिळू लागला. ज्याला आधीच लिहिता-वाचता येते, शहरात ज्याचे कोणी आहे, तोच उघड्या दारातून प्रथम आत जातो. हा अनुभव घेऊन छत्रपती शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांना स्वतंत्र वसतिगृहे काढण्यास साहाय्य केले. मराठा समाजाचे व जैन समाजाचे वसतिगृह १९०१ साली सुरू झाले. १९०६ साली मुस्लिम शिक्षणसंस्था स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले.

जैन समाजापुरते पाहिले, तर या कार्याची भूमी अगोदरच तयार होत होती. १८९९ साली निपाणीजवळील स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली होती. अण्णासाहेब लठ्ठे तिच्या प्रमुख आधारस्तंभांपैकी होते. हेच लठ्ठे पुढे बेळगावचे रहिवासी झाले, कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद यांनीही ठिकठिकाणी जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला. शेतकरी व लहान दुकानदार जैनांची पहिली शिकलेली पिढी अशा वसतिगृहांच्या पंगतीतच तयार झाली. तेव्हा समदत्तीला कमी लेखण्याचा या लेखाचा मुळीच हेतू नाही. मागे पडलेल्या समाजाने आपली मुले आपल्या छपराखाली सांभाळून शिकविली, हा न्यायाचाच एक मार्ग होता.

कर्मवीरांचे पाऊल

या मार्गावरून एक पाऊल पुढे टाकणारा पुरुष जैन समाजातूनच निघाला, ही आपल्याला अभिमानाची व तितकीच विचारात पाडणारी गोष्ट आहे.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परत आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि नियमभंगामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. त्या वसतिगृहाची सूत्रे तेव्हा लठ्ठे यांच्याकडे होती. पुढे १९१४ साली कोल्हापुरातील डांबर प्रकरणात त्याच लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष देण्याचे दडपण भाऊरावांवर आले. खोटी साक्ष देण्याचे त्यांनी नाकारले आणि तुरुंगवास पत्करला. ज्याच्याशी मतभेद झाला, त्याच्याविषयीही असत्य बोलावयाचे नाही, हा सत्यव्रताचा धडा आपण आपल्या मुलांना अवश्य सांगावा.

भाऊराव काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते होते. गावोगाव हिंडून माल खपविणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाच्या घराची स्थिती जितकी कळते, तितकी ती वर्तमानपत्र वाचून कळत नाही. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याला पावतीवर सही करता येत नाही, हे त्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीत जेवीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले.

या कार्याची किंमत कोणी दिली, तेही सांगितले पाहिजे. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडून मुलांच्या मुखी घास घातला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या माउलीने सर्व जातींच्या मुलांना आपली मुले मानले. १९३० साली त्या निवर्तल्या. गावकऱ्यांकडून मूठमूठ धान्य गोळा करण्याची मुष्टिफंडाची पद्धतही याच कार्यात रूढ झाली. ज्याच्याजवळ केवळ मूठभर जोंधळे आहेत, तोही त्यामुळे दाता झाला. त्याचा मुलगा वसतिगृहात जेवतो, तो कोणाच्या उपकारावर जेवत नाही. कारण त्याच्या बापाची मूठ त्या कोठारात पडलेली असते.

माझ्या मते सर्व विषयाचा गाभा येथे आहे. शाहू महाराजांनी स्वतंत्र वसतिगृहांतून मागे पडलेल्यांना हात दिला. कर्मवीरांनी एका वसतिगृहात सर्वांना आणून त्यांची ओळख परस्परांशी करून दिली. पहिल्या कार्याशिवाय दुसरे शक्य झाले नसते. परंतु पहिल्यावरच थांबलो असतो, तर प्रत्येक समाजाची मुले शिकली असती आणि एकमेकांना अनोळखीच राहिली असती. साताऱ्याच्या त्या वसतिगृहात धर्मपरिषद भरली नव्हती. एकाने पीठ मळावे, दुसऱ्याने भाकरी थापावी, तिसऱ्याने लाकडे फोडावी, एवढेच घडत होते. त्यातून जे परस्परज्ञान झाले, त्यालाच मी संवाद म्हणतो.

अभ्यास आणि सेवा यांची अशीच सांगड महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी घातली. जमखंडीस जन्मलेले शिंदे यांना शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य लाभले होते. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. १९०३ साली ॲम्स्टरडॅम येथील उदार धर्माच्या परिषदेतही ते उपस्थित होते. परत आल्यावर हे ज्ञान त्यांनी केवळ व्याख्यानांत खर्च केले नाही. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली व अस्पृश्यांच्या वस्तीत शाळा काढल्या. सर नारायणराव चंदावरकर तिचे अध्यक्ष होते. सर्व धर्मांचे सार जाणणाऱ्या पंडिताने अखेर जाऊन उभे राहावयाचे ते गावकुसाबाहेर, असा त्या जीवनाचा अर्थ आहे.

धर्मादाचा पैसा कोणाचा?

आता पुन्हा पट्टीकडे वळू. धर्मादाच्या रकमेवर हक्क कोणाचा, याविषयी आपल्या मनात एक समजूत घर करून बसलेली असते. ती रक्कम आपण गोळा केली, आपण सांभाळली, आपल्या पंचांनी खर्च केली. तेव्हा ती आपली.

कायद्याची दृष्टी निराळी आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमात, ज्याचे ५४ वे कलम खास धर्मादाविषयीच आहे, असे सांगितले आहे की व्यापाराच्या रूढीने धर्मादाय कार्यासाठी जी रक्कम आकारली जाते, ती आकारणाऱ्याकडे विश्वस्त म्हणून राहते. तिचा हिशेब धर्मादाय अधिकाऱ्यांस सादर करण्याचे बंधनही तेथे घातले आहे. प्रांतरचना बदलल्यावर ठिकठिकाणचे कायदे वेगळे झाले; पण मूळ तत्त्व स्पष्ट आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व प्राप्तिकराच्या संदर्भात मान्य केले. गिऱ्हाइकाकडून धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम प्रथमपासूनच दानाच्या बंधनासह हाती येते, म्हणून ती व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असे न्यायालयाने ठरविले.

या निर्णयामुळे त्या रकमेवरील कर वाचला, याचा व्यापारीवर्गाला आनंद झाला व तो स्वाभाविक होता. परंतु या निर्णयाची दुसरी बाजू आपण पाहिली काय? ती रक्कम आपले उत्पन्न नव्हे, असे जर आपण करखात्यास सांगतो, तर ती आपली नव्हे, हे आपल्या मनासही सांगितले पाहिजे. आपल्या हातून ती केवळ पुढे जाते. मूळ दाता म्हणजे पट्टीवर ज्याचे नाव आहे, तो. तो लिंगायत असेल, मराठा असेल, मुसलमान असेल, ख्रिस्ती असेल. त्या रकमेने उभ्या राहिलेल्या इमारतीची एकेक वीट त्याच्या गुळातून, मिरचीतून, भुईमुगातून आलेली आहे.

बाजार समित्यांचे कायदे आल्यावर पट्टीतील कपातींवर नियंत्रण आले आणि अनेक ठिकाणी धर्मादाची ती ओळ पट्टीतून नाहीशी झाली. पण ओळ गेली म्हणून ऋण गेले, असे होत नाही. त्या ओळीतून उभ्या राहिलेल्या धर्मशाळा, वसतिगृहे व ठेवी अनेक गावी आजही आहेत, आणि त्यांचे भाडे व व्याज आजही येते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की आपल्या समाजातही गरीब पुष्कळ आहेत. प्रथम त्यांचे पाहावे. हा आक्षेप खोटा नाही. दक्षिण महाराष्ट्रात व सीमाभागात जैन समाजाचा मोठा भाग अल्पभूधारक शेतकऱ्यांचा आहे. त्यांच्यासाठी समदत्तीचे खाते आहे व ते आपण आपल्या स्वतःच्या कमाईतून भरावे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सात वर्षांवरील जैनांत साक्षरतेचे प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे. सर्व देशाचे प्रमाण सुमारे ७३ टक्के आहे. १९०१ साली ज्या कारणासाठी आपण दार लावून घेतले होते, ते कारण बरेचसे सरले आहे. २०१४ साली केंद्र सरकारने आपल्याला अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली. आपल्या संस्था आपण चालविण्याचा अधिकार असणे, ही एक गोष्ट. त्या संस्थांचे दार किती उघडावे, हे ठरविणे ही दुसरी. दुसरी गोष्ट कोणताही कायदा आपल्याऐवजी ठरवू शकत नाही.

दुसरा आक्षेप आचाराचा आहे. आपल्या स्वयंपाकघरात कंदमुळे चालत नाहीत, सूर्यास्तानंतर जेवण नाही. तेथे परधर्मीय मुले कशी राहणार? हा प्रश्न वरवर दिसतो तितका अवघड नाही. स्वयंपाकघराचा नियम घराचा असतो. तो तेथे जेवणाऱ्या सर्वांस सारखा लागू करता येतो. शुद्ध शाकाहारी अन्न आमच्या घरी मिळेल, एवढे प्रवेशाच्या वेळी सांगावे. ज्याला मान्य असेल, तो येईल. उलट, रोजा असलेल्या मुलासाठी पहाटेचे ताट काढून ठेवण्याने आपल्या चुलीचा कोणता आचार भंगतो? आचार आपण पाळावा. दुसऱ्यास दूर ठेवण्याचे साधन म्हणून त्याचा उपयोग करू नये.

काय करता येईल

लेख केवळ उपदेशात संपू नये, म्हणून काही व्यावहारिक सूचना सभासदांपुढे विचारार्थ ठेवतो.

पहिली, ज्या निधीचा उगम धर्मादात आहे, त्याचे खाते स्वतंत्र करावे. जुन्या वह्या पेट्यांतून अद्याप निघतील. चोपडीवाचन जाणणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर हे काम करून घ्यावे.

दुसरी, त्या खात्यातील साहाय्य गरज पाहून द्यावे, आडनाव पाहून नव्हे. बाजारातील हमाल, तोलारे, गाडीवान यांची मुले ही आपली पहिली शेजारी होत. त्यांचे नाव दयादत्तीच्या खात्यावर प्रथम असावे.

तिसरी, साहाय्य ठरविणाऱ्या समितीत इतर धर्मांचे दोन-तीन प्रतिष्ठित गृहस्थ व भगिनी यांना स्थान द्यावे. कोणाच्या घरी खरी अडचण आहे, हे त्यांना आपल्याहून अधिक ठाऊक असते. महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसून अर्ज वाचण्याने जो परिचय होतो, तो वर्षातून एकदा सद्भावनेच्या सभेत हार घालण्याने होत नाही.

चौथी, वसतिगृहातील काही जागा सर्वांसाठी मोकळ्या ठेवाव्यात आणि त्या खरोखर भरल्या जातात की नाही, हे पाहावे. १८९६ सालच्या कोल्हापूरच्या अनुभवाचा हाच धडा आहे. दार उघडे ठेवणे पुरत नाही. जो उंबऱ्याबाहेर संकोचून उभा आहे, त्याला हाताला धरून आत आणावे लागते.

पाचवी व शेवटची, वार्षिक सभेत या खात्याचा हिशेब सर्वांसमक्ष वाचावा आणि त्या दिवशी ज्यांच्या मालातून हा निधी जमला, त्या शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींसही बोलवावे. धनी हजर असता विश्वस्ताने हिशेब द्यावा, यात कमीपणा नाही.

उपसंहार

त्या गूळवाल्या शेतकऱ्याच्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. बोर्डिंगच्या नियमास वडिलांनी हात लावला नाही. तेवढे धैर्य त्यांना झाले नाही. परंतु त्या मुलाला त्यांनी आमच्या पेढीच्या माडीवर ठेवून घेतले. तो दिवसा शाळेस जाई व सायंकाळी पेढीवर आवक-जावक लिही. दोन वेळचे जेवण आमच्या घरून जाई. त्याचे ताट मात्र वेगळे होते. हे येथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आजीने ते वेगळे ठेवले होते आणि आम्ही कोणी तिला काही म्हटले नाही. तो मॅट्रिक झाला, शिक्षक झाला व सेवानिवृत्त झाला. आमच्या वडिलांच्या अंत्ययात्रेत तो स्मशानापर्यंत आला होता.

परत निघताना तो मला एवढेच म्हणाला, "आप्पांनी मला खूप दिलं. पण त्या दिवशी माझ्या बापानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहून गेलं."

वडिलांनी आपल्या खिशातून जे दिले, ते दान होते. त्या शेतकऱ्याने मागितला होता तो त्याचा वाटा. दान आणि वाटा यांतील अंतर आपण ओळखावे, ही या लेखाची विनंती आहे. आपला संघ या वर्षी वसतिगृहाच्या नियमावलीचा फेरविचार करणार आहे. त्या सभेस येताना प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील एखादी जुनी पट्टी शोधून बरोबर आणावी. तिच्यावरची शेवटची ओळ वाचावी, तिच्या वरचे नाव वाचावे आणि मग आपले मत द्यावे.